ब्रह्मदेशाची फारकत

१९३७ सालच्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस हिंदुस्थान सरकारच्या दफ्तरातून दोन मुलूख एकदम कमी झाले. नव्वदांहून अधिक वर्षे मुंबई सरकारच्या हुकमतीखाली आणि त्यानंतर पाच वर्षे दिल्लीच्या थेट अमलाखाली राहिलेले एडनचे बंदर विलायतेच्या वसाहतखात्याकडे सुपूर्द झाले. आणि त्याच दिवशी, क्षेत्रफळाने ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वांत मोठा प्रांत असलेला ब्रह्मदेश, स्वतःचा कायदा, स्वतःचा गव्हर्नर आणि स्वतःचे मंत्रिमंडळ घेऊन हिंदुस्थानाबाहेरचा एक निराळा देश झाला. आपल्याकडे याची दखल घेण्यास त्या दिवशी फारशी कोणास सवड नव्हती. नव्या कायद्याखालच्या निवडणुका नुकत्याच उरकल्या होत्या, त्यांत सर्वांत मोठा पक्ष ठरूनही काँग्रेसने अधिकारग्रहणाचा प्रश्न अधांतरी ठेवला होता, आणि मुंबईत धनजीशा कूपर यांचे औटघटकेचे मंत्रिमंडळ नेमके त्याच दिवशी अधिकारावर आले होते. तेव्हा प्रांतिक स्वायत्ततेच्या या गडबडीत एक अख्खा देश दारातून बाहेर पडला याचा अर्थ लोकांच्या ध्यानी यायला पुढे पाच वर्षे, जपानची स्वारी आणि बंगालचा दुष्काळ लागला.

ब्रह्मदेश हिंदुस्थानास जोडला गेला होता तो राजीखुशीने नव्हे. १८२४ ते १८८५ या साठ वर्षांत झालेल्या तीन युद्धांत प्रथम आराकान आणि तेनासरीम, मग पेगू, आणि शेवटी मंडालेचे सिंहासन अशा क्रमाने तो इंग्रजांच्या घशात गेला. आणि यांतील शेवटच्या युद्धाचे निमित्त मुंबईच्याच एका व्यापारी कंपनीने पुरविले होते. वॉलेस बंधूंनी १८६३ साली मुंबईत स्थापिलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशाच्या रानांत सागवान तोडण्याचा मक्ता बाळगून होती. जितकी तोड केली तितक्या मानाने राजाचा हक्क भरला नाही, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या मंत्र्यांनी तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांच्या हालचालींची धास्ती हे युद्धाचे अंतःस्थ कारण असेलही, पण खलित्यात मिरविले गेले ते या दंडाचे कारण; आणि १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज इरावती नदीतून मंडालेपर्यंत जाऊन पोहोचली. पदच्युत राजा रत्नागिरीस आणून ठेवण्यात आला आणि तेथेच १९१६ साली वारला. उलटपक्षी १९०८ ते १९१४ पर्यंत त्याच्याच राजधानीतील तुरुंगात टिळकांस राहावे लागले. या विचित्र अदलाबदलीचे स्मरण आपल्याकडे वारंवार निघते, परंतु तिची कायदेशीर बाजू क्वचितच कोणी लक्षात घेतो: साबरमतीच्या तुरुंगातून मंडालेच्या तुरुंगात झालेली टिळकांची रवानगी ही सरकारच्या लेखी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात कैदी हलविणे एवढीच होती, कारण रंगूनच्या गोदीवर उतरणारा मनुष्य, मग तो बेडीत असो की हमालीच्या शोधात असो, हिंदुस्थानातून हिंदुस्थानातच उतरत असे.

सरकारी कागदावरच्या या एका वाक्यावर लक्षावधी लोकांचा संसार उभा राहिला होता. मधे बंगालचा उपसागर, खुष्कीने जावे तर आराकान आणि मणिपूरची घनदाट राने, आगगाडी दोन देशांना जोडणारी कधीच झाली नाही. तरी कोकोनाडा, विशाखापट्टण, मद्रास, चितगाव आणि कलकत्ता या बंदरांतून सुटणारी आगबोट डेकवरच्या उतारूस थोडक्या भाड्यात रंगूनास नेऊन सोडी, आणि तेथे परवाना, पारपत्र, जामीन यांपैकी काहीही त्याच्याकडे मागितले जात नसे. १९२७ साली अशा रीतीने ब्रह्मदेशात उतरणाऱ्यांची संख्या चार लाखांहून अधिक झाली होती. यांतील बहुतेक लोक भाताच्या हंगामापुरते किंवा दोनतीन वर्षांपुरते येत आणि मेस्त्रीचे देणे फेडून जे काही उरेल ते गाठीशी बांधून परत जात. हा मेस्त्री म्हणजे गावी उचल देऊन मजूर आणणारा, त्याच्या मजुरीतून आपला भाग आधी कापून घेणारा आणि रंगूनास त्याची राहण्याची सोय, म्हणजे एकेका खोलीत अनेक जण कोंबण्याची सोय, करणारा मुकादम होय. सरकार, गिरणीमालक आणि आगबोटकंपनी या तिघांनाही मेस्त्री सोयीचा होता. मजुराविषयी त्या तिघांना जे ठाऊक असायला हवे होते ते सारे मेस्त्रीला ठाऊक असे, आणि म्हणून त्या तिघांना काही ठाऊक करून घेण्याची गरज उरत नसे.

१९३१ च्या खानेसुमारीत ब्रह्मदेशची लोकसंख्या सुमारे एक कोटी सत्तेचाळीस लाख भरली आणि तीत हिंदी लोक दहा लाखांवर होते. म्हणजे एकंदर देशात शेकडा सात. पण खुद्द रंगून शहरात, जेथील वस्ती चार लाखांची होती, तेथे हिंदी लोक दोन लाख बारा हजारांच्या वर, म्हणजे निम्म्याहून अधिक होते. गोदीतले हमाल तेलुगु, इरावतीवरच्या बोटींतले खलाशी चितगावकडचे, दरवान संयुक्त प्रांतातले, सावकार तामिळ चेट्टी, कापडाचे व्यापारी गुजराती आणि सुरती मुसलमान, टपाल आणि तारखात्यातले बहुतेक कारकून हिंदी. ज्या राजधानीत मूळ रहिवासीच अल्पसंख्य आहे तिला राजधानी म्हणावे की बंदर म्हणावे, असा प्रश्न ब्रह्मी तरुणाच्या मनात आल्यास त्याला दोष देता येणार नाही. ब्रह्मदेशात मुलकी अधिकारी म्हणून वीस वर्षे काढलेल्या फर्निव्हल याने या समाजाविषयी पुढे जो सिद्धांत मांडला, त्याचा आशय असा की येथे निरनिराळे लोक शेजारी शेजारी राहतात, पण त्यांची गाठ पडते ती केवळ बाजारात. आपल्या देशभक्तांस ही गोष्ट रुचत नसे. इंग्रजी अमलाखाली आपण जसे नागवले गेलो तसेच ब्रह्मी लोकही नागवले गेले, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु त्या नागवणुकीत ब्रह्मी शेतकऱ्याच्या दारावर जो मनुष्य प्रत्यक्ष उभा असे तो गोरा नसून हिंदी असे, हेही तितकेच खरे होते.

आणि तो मनुष्य बहुधा चेट्टी असे. इरावतीच्या मुखाकडील दलदलीची राने तोडून तेथे भाताची जी अफाट लागवड झाली आणि ब्रह्मदेश जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यात करणारा देश झाला, त्या उद्योगास भांडवल पुरविले चेट्टींनी. विलायती बँका जमिनीच्या तारणावर कुळास कर्ज देत नसत. चेट्टी देत असे, आणि गावोगावी गुमास्ता ठेवून देत असे. १९३० च्या सुमारास बँकिंग चौकशी समितीने त्यांच्या कर्जाऊ रकमेचा अंदाज पंचाहत्तर कोटी रुपयांचा केला होता. चेट्टीस जमीन नको होती, व्याज हवे होते. आणि भाताचा भाव चढता असेतोवर व्याज येत राहिले. परंतु १९३० च्या जागतिक मंदीत भाताचा भाव निम्म्याहूनही खाली कोसळला, व्याज थकले, गहाणखते बुडाली, आणि दक्षिण ब्रह्मदेशातील भातशेतीच्या तेरा प्रमुख जिल्ह्यांत जी जमीन १९३० साली शेकडा सहाच्या प्रमाणात चेट्टींच्या नावे होती ती १९३७ पर्यंत शेकडा पंचवीस झाली. ज्या वर्षी ब्रह्मदेशाने हिंदुस्थानापासून फारकत घेतली त्या वर्षी त्याच्या उत्तमोत्तम जमिनीचा चौथा हिस्सा तामिळनाडूतील चेट्टिनाडच्या वह्यांत जमा होता, ही गोष्ट पुढील सर्व हकीकत वाचताना नजरेआड करून चालणार नाही.

सरकारी हिशेबातही ब्रह्मदेशाची एक जुनी तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. परदेशी जाणाऱ्या तांदळावर मणामागे तीन आणे निर्यातजकात हिंदुस्थान सरकार घेत असे. जकात साऱ्या हिंदुस्थानास सारखी लागू होती असे म्हणावयाचे, पण परदेशी जाणारा तांदूळ मुख्यतः रंगून, बसीन, मौलमीन आणि अक्याब या चार ब्रह्मी बंदरांतूनच निघत असल्यामुळे तिचा भारही मुख्यतः ब्रह्मदेशावरच पडे आणि वसूल मात्र दिल्लीच्या तिजोरीत जाई. दुसऱ्या बाजूस, टाटांचे पोलाद, मुंबई-अहमदाबादचे कापड आणि उत्तरेकडील साखर यांच्या संरक्षणासाठी दिल्लीने ज्या आयातजकाती बसविल्या त्यांपायी ब्रह्मी गिऱ्हाइकास स्वस्त जपानी कापड महाग पडू लागले. स्वतःची गिरणी नाही, कारखाना नाही, तरी दुसऱ्याच्या गिरणीच्या संरक्षणाचा खर्च मात्र त्याने सोसावयाचा. स्वदेशीच्या चळवळीत वाढलेल्या मराठी वाचकास हे ऐकणे सुखावह वाटणार नाही. पण मँचेस्टरविरुद्ध आपली जी कैफियत होती, तीच रंगूनने मुंबईविरुद्ध मांडली होती.

इतके असूनही ब्रह्मी मतदारांनी संधी मिळाली तेव्हा विभक्तीच्या विरुद्ध कौल दिला, हा या प्रकरणातला सर्वांत चमत्कारिक भाग होय. सायमन कमिशनने विभक्तीची शिफारस केली. १९३१ च्या अखेरीस लंडनला ब्रह्मदेशासाठी निराळी गोलमेज परिषद भरली. आणि १९३२ च्या नोव्हेंबरात याच प्रश्नावर निवडणूक होऊन तीत विभक्तीविरोधी पक्ष विजयी झाले. डॉक्टर बा मॉ हे त्या पक्षांचे एक पुढारी. मात्र त्यांचे म्हणणे हिंदुस्थानातच कायम राहावे असेही नव्हते: हिंदुस्थानास जे राजकीय हक्क मिळतील ते ब्रह्मदेशासही मिळावेत, विभक्त करून इंग्रज आपणांस एकटे पाडील आणि कायमची वसाहत करून ठेवील ही भीती दूर व्हावी, आणि संघराज्यातून हवे तेव्हा बाहेर पडण्याची मुभाही असावी. विलायत सरकारने सांगितले की अशी येण्याजाण्याची मोकळीक मिळणार नाही. राहावयाचे तर कायमचे राहा. कायदेमंडळाने यावर ठराव केला तो असा गोलमाल की त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा, आणि विलायतेने तो आपल्या सोयीने लावला. ब्रह्मदेश विभक्त झाला, आणि विभक्त ब्रह्मदेशाचे पहिले मुख्य प्रधान झाले विभक्तीविरोधी डॉक्टर बा मॉच. राजकारणात याला विसंगती म्हणत नाहीत.

आता वाटणी आली. एकत्र कुटुंब विभक्त होताना भांडी आणि देणी वाटण्यास जसा एखादा वडीलधारा बसवितात तसा विलायत सरकारने एल. एस. एमरी यांच्या अध्यक्षतेखाली एक न्यायमंडळ बसविले. युद्धांचा खर्च, आगगाडीचे रूळ, सरकारी इमारती, निवृत्तिवेतने, कर्जरोखे या सर्वांचा जमाखर्च मांडून त्यातून ठरलेल्या तत्त्वांप्रमाणे ब्रह्मदेशाकडे हिंदुस्थानचे सुमारे पन्नास कोटी रुपये येणे निघाले. आणि ते त्याने पंचेचाळीस वर्षांच्या हप्त्यांनी, व्याजासह फेडावे असे ठरले. ज्या युद्धांनी ब्रह्मदेश जिंकला गेला त्यांचा खर्च जिंकलेल्याने द्यावा की जिंकणाऱ्याने, हा वाद ब्रह्मी पुढाऱ्यांनी घातला आणि तो तात्त्विक दृष्ट्या रंजक होता. पण हिंदुस्थानच्या करदात्यास न विचारता त्याच्या पैशाने जी लढाई झाली तिचे देणे दुसऱ्या पारतंत्र्यातील करदात्याने फेडावे, असा हा दोन कैद्यांमधला हिशेब तुरुंगाधिकाऱ्याने मांडला होता, इतकेच त्यावर म्हणता येईल. कर्ज डोक्यावर आले तरी जकात आणि प्राप्तिकर ही दिल्लीकडे जाणारी उत्पन्ने आता रंगूनकडे राहू लागल्यामुळे नव्या सरकारची तिजोरी प्रथमपासूनच बऱ्यापैकी भरती राहिली, आणि त्या अर्थाने ब्रह्मदेशाची जुनी तक्रार खरी ठरली.

सामान्य माणसास मात्र विभक्ती प्रथम दिसली ती टपालाच्या तिकिटावर. पंचम जॉर्जचे मुखचित्र असलेली हिंदी तिकिटेच त्यावर काळ्या शाईने ब्रह्मदेशाचे नाव छापून विकण्यात येऊ लागली; पुढल्या वर्षी निराळी तिकिटे निघाली. हिंदुस्थानाशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे दर वाढले, आणि ज्याचे सारे कुटुंब गंजमच्या एखाद्या खेड्यात आहे अशा हमालाच्या दृष्टीने राज्यघटनेतील बदलाचा अर्थ कार्डामागे अधिक पैसे पडणे हा होता. त्याच रीतीने नोटांवरही, त्या केवळ ब्रह्मदेशातच चालतील असे शब्द छापण्यात आले आणि १९३८ साली ब्रह्मदेशासाठी निराळ्या नोटा निघाल्या. पण त्या नोटा काढीत होती ती रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच. दोन वर्षांपूर्वी जन्मलेली ही बँक विभक्तीनंतरही ब्रह्मदेशाची चलनपेढी आणि सरकारी खजिनदार म्हणून रंगूनास काम पाहत राहिली, नोटांच्या नफ्यातील ब्रह्मदेशाचा हिस्सा त्यास देत राहिली, आणि रुपयाची किंमत इकडे-तिकडे एकच राहिली. देश दोन, गव्हर्नर दोन, आणि रुपया एक.

व्यापाराचेही असेच झाले. विभक्तीच्या दिवशी दोन्ही देशांत जकातीची भिंत उभी राहिली तर ब्रह्मी तांदूळ कोठे विकायचा आणि मुंबईचे कापड कोठे पाठवायचे, याची धास्ती दोन्हीकडे असल्यामुळे एका फर्मानाने असे ठरविले की निदान तीन वर्षे आपसांतील माल पूर्वीप्रमाणेच जकातीवाचून ये-जा करावा. ब्रह्मदेशाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. वर्षास सुमारे तीस लाख टन तांदूळ तो देश बाहेर पाठवी आणि त्यातला निम्म्याच्या आसपास आपल्याकडे येई. मद्रास, मलबार, त्रावणकोर, कोलंबो, बंगाल आणि मुंबई या बाजारांत रंगूनचा उकडा तांदूळ म्हणजे गरिबाचे अन्न होते. येनानज्यांवच्या विहिरींतून निघून सिरियमच्या कारखान्यात शुद्ध झालेले घासलेट खेडोपाडीच्या चिमण्यांतून जळत होते, आणि मुंबईच्या जुन्या चाळींच्या तुळया, जिने आणि कठडे ब्रह्मी सागाचे होते. घासलेटावर पूर्वी जी अबकारी घेतली जाई तीच आता सरहद्दीवरची जकात या नावाने वसूल होऊ लागली. गिऱ्हाइकाच्या बाटलीत तेल तितकेच आले. एकूण, कागदोपत्री परका झालेला देश घरगुती सामानात परका झाला नाही.

फरक पडला तो असा, की पूर्वी जे हक्काने होते ते आता मुदतीने झाले. वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये काढलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे उदाहरण घ्या. गोऱ्या आगबोटकंपन्यांशी टक्कर देत तिने जो जम बसविला तो मुख्यतः ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदी बंदरांत आणण्याच्या धंद्यावर. आणि किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही तिच्या पाठीराख्यांची कायदेमंडळातील मागणी ब्रह्मदेशाचा किनारा आपलाच आहे या गृहीतावर आधारलेली होती. विभक्तीने ते गृहीत नाहीसे केले. रंगून ते मुंबई हा किनारी प्रवास एका रात्रीत परदेशी प्रवास झाला, आणि त्या धंद्यात हिंदी जहाजाचा जो नैसर्गिक अग्रहक्क सांगता येत होता तो सांगण्याची सोय राहिली नाही. हा तोटा कोणत्याही न्यायमंडळाच्या ताळेबंदात धरलेला नव्हता, कारण जो हक्क अद्याप मिळालाच नव्हता त्याची किंमत कोण ठरविणार?

मजुरांच्या येण्याजाण्यासही तीच तीन वर्षांची मुभा होती, आणि या मुदतीत काही करावयाचे तर ते शांतपणे करण्याची वेळ होती. तसे घडले नाही. १९३८ च्या जुलै महिन्यात एका पुस्तकातील धर्मनिंदेचे निमित्त होऊन रंगूनात दंगा उसळला आणि तो देशभर पसरला. मुसलमानांविरुद्ध सुरू झालेल्या या दंग्याची झळ एकंदर हिंदी वस्तीस लागली. चौकशी समितीने धर्माच्या निमित्ताखाली दडलेली कारणे उघड केली: चेट्टींकडे गेलेली जमीन, मजुरीवरील हिंदी लोकांचा पगडा, आणि हिंदी पुरुषांशी लग्न लावणाऱ्या ब्रह्मी स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न. त्यानंतर बॅक्स्टर नावाच्या अधिकाऱ्यावर स्थलांतराच्या चौकशीचे काम सोपविण्यात आले. त्याने आकडे तपासून असे दाखविले की हिंदी मजुरांचा पूर ओसरत चालला आहे आणि येथे जन्मलेल्या हिंदी लोकांचे प्रमाण वाढते आहे. आकड्यांनी शांत होण्याची वेळ मात्र निघून गेली होती. १९४१ साली सर गिरिजाशंकर बाजपेयी रंगूनास गेले आणि जो स्थलांतराचा करार करून परतले त्यावर हिंदुस्थानात एकच गिल्ला झाला. अकुशल मजुरास यापुढे परवान्यावाचून प्रवेश नाही. जे येतील त्यांचे मुदतीचे आणि बिनमुदतीचे असे वर्ग. आणि मुदतीच्या परवान्यावर आलेला हिंदी पुरुष ब्रह्मी स्त्रीबरोबर राहू लागला तर त्याचा परवाना रद्द होऊ शकेल, असेही एक कलम. गांधीजींनी या कराराचा निषेध केला. या निषेधात न्याय होता. तरी आमच्या मते एक गोष्ट त्या गदारोळात विसरली गेली. ज्याच्या नावाने हा करार झाला त्या तेलुगु हमालास ना रंगूनच्या वाटाघाटीत कोणी विचारले होते, ना दिल्लीच्या. चेट्टींचे प्रतिनिधी होते, व्यापारी मंडळे होती, गोऱ्या चेंबरचे वजन होते. हमालाच्या वतीने बोलणारा फार तर मेस्त्री.

करार अमलात येण्यापूर्वीच त्याचा निकाल आकाशातून लागला. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले. गोदीतील हमाल शहर सोडून प्रोमच्या वाटेने निघाले, तेव्हा ज्या सरकारला हे लोक कालपर्यंत फाजील वाटत होते त्यानेच त्यांस वाटेत अडवून परत फिरविण्याचा प्रयत्न केला, कारण त्यांच्याखेरीज बोटींतला लष्करी माल उतरविणार कोण. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले. बोटी आणि विमाने ज्यांना मिळायची त्यांना मिळाली. बाकीचे चार लाखांवर हिंदी लोक तौंगुपच्या खिंडीने आराकानकडे, तामूवरून मणिपूरकडे आणि हुकाँगच्या खोऱ्यातून आसामकडे पायी निघाले. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पटकी, हिवताप, भूक आणि थकवा यांनी वाटेत किती मेले याचे अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. वाटेवर गोऱ्यांसाठी निराळा आणि काळ्यांसाठी निराळा रस्ता राखला, असा आरोप झाला आणि त्यावर आपल्या पुढाऱ्यांनी योग्य तो संताप व्यक्त केला. ज्या मार्गाने दोन देश खुष्कीने जोडावेत असे एकत्र राज्याच्या पन्नास वर्षांत सरकारला कधी वाटले नाही, तो मार्ग या लोकांनी पायांनी मळविला.

त्यांच्यामागून तांदूळ यायचा थांबला. ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानच्या एकूण पुरवठ्यात लहानसाच भाग होता असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. पण तो भाग नेमका ज्या प्रदेशांत स्वतःचे पिकत नाही तेथे जाई. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, युद्धकालीन भाववाढ आहे, साठेबाजी आहे, प्रांताप्रांतांतील धान्यबंदी आहे आणि सरकारचा निष्काळजीपणाही आहे. या सर्वांच्या आरंभी रंगूनची वाट बंद होणे आहे. त्रावणकोर-कोचीनची स्थिती बिकट झाली. मुंबई शहरात १९४३ च्या मे महिन्यात धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि शिधापत्रिका घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या कोकणी चाकरमान्याच्या पातेल्यात भाताच्या जागी बाजरी शिजू लागली. तांदूळ कोठून येतो हे रांगेत उभे राहिल्यावर त्याला कळले.

ब्रह्मदेशात जपान्यांनी स्वतःच्या रुपयाच्या नोटा छापल्या, आणि १९४५ साली इंग्रज परत आल्यावर त्या नोटांना त्यांनी कवडीमोल ठरविले. ज्या शेतकऱ्याने तीन वर्षे भात विकून त्या साठविल्या त्याचे घर एका जाहीरनाम्याने धुऊन निघाले. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाने पुन्हा थोडे दिवस रंगूनचे काम पाहिले. १९४७ च्या एप्रिलमध्ये ते तिच्या हातून गेले आणि ब्रह्मदेशाचे चलन लंडनमधील एका मंडळाच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी स्थलांतराचा जो तातडीचा कायदा झाला त्याअन्वये पायी पळून आलेल्या हिंदी लोकांपैकी जे परत जाऊ इच्छीत त्यांना पारपत्र आणि परवाना दाखविणे भाग पडले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश राष्ट्रकुटुंबाबाहेर पडून स्वतंत्र झाला आणि जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा करून त्याने चेट्टींच्या वह्यांतील त्या चौथ्या हिश्श्याचा निकाल लावला. चेट्टिनाडमध्ये ब्रह्मी सागाच्या खांबांचे वाडे उभे राहिले, त्यांत भरपाईच्या अर्जांची बाडेही राहिली.

पन्नास कोटींचे ते जुने येणे मात्र अजून चालूच होते. युद्धात हप्ते तुंबले, स्वातंत्र्यानंतर ते देणाऱ्या ब्रह्मदेशाच्या अंगात यादवीमुळे त्राण उरले नव्हते, आणि मागणारा हिंदुस्थान तर अन्नासाठी जगभर हात पसरीत होता. १९५४ साली दोन स्वतंत्र सरकारांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. हिंदुस्थानाने ब्रह्मदेशाकडून नऊ लाख टन तांदूळ घेण्याचे मान्य केले, आणि एमरी मंडळाच्या तत्त्वांवर उभ्या राहिलेल्या कर्जाचा निकाल त्या तांदळाच्या सौद्यातच लावण्यात आला.